आधी जागा, मग रड

शेजारच्या शिवराजअण्णांना कुणी म्हणालं, "अण्णा, लई दुखायलंय हो," तर ते हळहळत न्हाईत. विचारतात, "कुठं? आधी जागा सांग, मग रड!"

अण्णा औरादच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. प्रोग्राम चुकला की पडद्यावर आधी फाईलचं नाव येतं, मग ओळीचा आकडा, मग तक्रार. मधे एकावर एक दोन टिंबं. टिंबांवरून एडिटरला, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरला, कळतं नाव कुठं संपलं, आणि त्यावर क्लिक केलं की तो थेट त्या ओळीवर नेऊन सोडतो. हे मला त्यांनीच सांगितलं. मी भाजी निवडत व्हय व्हय केलं आणि कायमची फसले.

एकदा एका पोरानं फाईलच्या नावातच ती टिंबं घातली. एडिटर अर्ध्याच नावाची फाईल हुडकत बसला. "अर्ध्या पत्त्यावर घर घावतंय व्हय रे?" म्हणून अण्णा दिवसभर तडकलेले. संध्याकाळी माझ्याकडची आमटी चाखून म्हणाले, "पातेलं, वरचा थर, खारट." लग्न कामून झालं न्हाई, हे विचारायलाच नको.

घरात ते आणि त्यांची आई, अव्वा. यंदा अव्वांना विसर पडायला लागला. अण्णा रोज सकाळी गोळीसोबत त्यांच्याकडून घोकून घ्यायचे, "औराद. मारुतीची गल्ली. निळं दार."

मी चिडले. "म्हातारीला कामून छळायलाव?"

"अक्का, बाकी कायबी विसरू दे. जागा विसरली तर मी तिला कुठं हुडकू?"

आणि आठवडी बाजारात अव्वा हरवल्याच. अण्णांनी अनवाणी सगळा बाजार पालथा घातला. परत आले ते एकटेच.

दुपारी एक शेंगावाली अव्वांचा हात धरून आली. "ह्यांना सोताचं नाव येईना, लेकाचं येईना. एकच धोशा, औराद, मारुतीची गल्ली, निळं दार."

अव्वा दाराकडं बघून हसल्या. मग अण्णांना म्हणाल्या, "घर हेच माझं. तुम्ही कोण म्हणायचं, बाबा?"



"जागा बरोबर घावली, अव्वा," अण्णा म्हणाले. "आत चला. बाकीचं मी बघतो."

त्यांनी अव्वांचे पाय धुतले, त्यांना पलंगावर बसवलं, दूध दिलं. मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन पोटभर रडले.