जयराममामांची घोडवाट

जयराममामा मोकळ्या वावरात, जिथे काहीही नाही तिथे, वळसा घालून जातात. वावर अगदी सपाट, काळं, नुकतं वखरलेलं. दगड नाही, खड्डा नाही, झाडाची काडीसुद्धा नाही. मामा घोडीवर बसून सरळ येत असतात आणि बरोबर मध्यावर आले की घोडी उजवीकडे वळते, अर्धगोल फिरते, पलीकडून पुन्हा आपल्या ओळीला लागते आणि दोघं पुढे निघून जातात. मामांच्या चेहऱ्यावर काही विशेष घडल्याची खूणही नसते.

पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा सोबत पायी चालत होतो.

"मामा, हे काय होतं?"

"आंबा," मामा म्हणाले.

"कुठी हाय आंबा?"

"पडला थो. लय वर्सं झाली."

"मंग वळसा काऊन घातला?"

"मले काय इचारतं? तिले इचार."

तिले म्हणजे घोडीला. मामांना कुठलाही प्रश्न अडचणीचा वाटला की ते घोडीकडे बोट दाखवतात. सरपंचाच्या निवडणुकीत मत कुणाला, असं विचारलं तरी हेच उत्तर. घोडी अर्थातच काही बोलत नाही, त्यामुळे विषय तिथेच मिटतो आणि विचारणारा डोकं खाजवत घरी जातो. ज्या वावरात हा नसलेला आंबा आहे, त्याच वावरावरून पुढे आमच्या गावात एवढी रामायणं झाली की मी तरी अजून त्यातून नीट बाहेर आलेलो नाही.

मामा माझे शेजारी. भिंतीला भिंत. मुलगा पुण्याला, मामा इथे एकटेच. स्टँडवर माझं बियाण्या-खताचं दुकान आहे, त्यामुळे गावात कोण काय पेरतंय आणि कुणाचं कुणाशी वाजलंय, हे मला घरबसल्या कळतं. एकूण माणसं मला समजतात असा माझा समज होता. मामांनी तो पार धुऊन काढला.

घोडीचं नाव बिजली. हे नाव तिच्या चालीवरून पडलेलं नाही, हे एकदा पाहिलं की लक्षात येतं. आमच्या गावातली खांबावरची बिजली निदान जाते तरी झटक्यात. या बिजलीचं जाणंयेणं दोन्ही सावकाश. पण दिसायला देखणी, पांढरीशुभ्र, आणि आजूबाजूच्या गावांतले कितीतरी नवरदेव तिच्यावर बसून मारोतीच्या दर्शनाला गेलेले आहेत. मीही गेलोय. माझ्या वेळी ती मधेच हापशीपाशी थांबली आणि पोटभर पाणी पिऊन होईपर्यंत हललीच नाही. मुहूर्त टळतो की काय म्हणून सासरेबुवा घामाघूम झाले होते, आणि मामा त्यांना म्हणत होते, "तिले इचारा."

मग एका लग्नसराईत मामांनी वरातींना जाणं एकाएकी बंद केलं. कारण विचारलं तर प्रत्येकाला वेगळं. मला म्हणाले, "तिले आजकालचे नवरदेव पसंत येत नाहीत. पह्यलेसारके राह्यले नाहीत." दुसऱ्याला म्हणाले, "डीजेवाले गाणे बराबर लावत नाहीत." तिसऱ्याला सांगितलं, तिचा आता देवाधर्माकडे ओढा आहे. लोक हसले आणि त्यांनी चिखलीहून दुसऱ्या घोड्या आणायला सुरुवात केली.

लग्नं सुटली, पण मामांची रोजची फेरी सुटली नाही. फेरी घोडवाटेनं. आमच्या गावातून उंद्रीच्या बाजाराला जायची ही जुनी वाट. पूर्वी कापडवाले, भुसारवाले तट्टांवर माल लादून हिच्यावरूनच जात. डांबरी रस्ता झाला, तट्टं गेली, वावरांच्या वाटण्या झाल्या, काही विकली गेली. पण त्या सगळ्या वावरांमधून हातभर रुंदीची ती पायवाट राहिली, कारण मामांनी ती राहू दिली. पेरणीच्या आधी ते घरोघर फिरायचे. पायरीवर बसायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "वाट सोडजो बरं. गावाची वाट हाय. समद्याईची हाय. एक डाव मोडली का गेली." जमीन ज्याची त्याची, सातबारा ज्याचा त्याचा, पण म्हाताऱ्याचा शब्द कोण मोडणार? लोक तिफणीची एक ओळ इकडे-तिकडे करून वाट सोडायचे.

मलाही ते पटलं. गावाची म्हणून एखादी गोष्ट राहावी, असं वाटतंच ना माणसाला. एका सकाळी वावराकडे जायचं होतं, म्हटलं, आपणही घोडवाट वापरू, मामांना बरं वाटेल. मोटारसायकल घातली त्या वाटेला. समोरून मामा घोडीसकट आडवे.

"गाडी मांघं घे."

"मामा, गावाची वाट हाय ना?"

"हाव."

"समद्याईची हाय ना?"

"हाव तं."

"मंग मी काऊन नाही जायचं?"

"तू डांबरीवरून जाय ना बे! तुह्यासाठीच तं केली थे सरकारनं."

मी गाडी मागे घेतली. गावाच्या वाटेवर गावानं यायचं नाही, हे कोडं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकासमोर ठेवलं. कुणालाच ते सुटलं नाही.

त्यात आणखी एक भर. वाटेनं जाताना मामा मोठ्यानं ओरडत जातात. "धुरा आला वं माय!" मग घोडी बांधावर पाय ठेवते. "नाली हाय, नाली!" "आता उतार." "आंबा आला वं!" आजूबाजूच्या वावरांत निंदणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसतात. यावर मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर होतं. मी दुकानात सगळ्यांना समजावून सांगितलं, की मामा उद्याच्या कोर्टकचेरीची तयारी करताहेत. वहिवाटीचा हक्क सिद्ध करायचा तर वाटेवर काय काय आहे हे तोंडपाठ पाहिजे, चार साक्षीदारांच्या कानावर पडलेलं पाहिजे. लोकांनी माना डोलावल्या. मला स्वतःलाच माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

आणि तशी वेळ खरंच आली. ते आंब्याचं वावर खामगावच्या अशोकशेठनी घेतलं. शेठ माणूस चांगला. पण रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आणि डुकरांनी पहिल्याच हंगामात त्यांचं सोयाबीन लोळवलं, तेव्हा त्यांनी चारी बाजूंनी तारेचं कंपाउंड करायचं ठरवलं. वाट वावराच्या मधून जाते हे त्यांना कळलं, तशी आपण होऊन त्यांनी माझ्या दुकानात मामांना बोलावून घेतलं. चहा मागवला.

"मामा, तुमची वाट मी बंद नाही करत," शेठ म्हणाले. "तारेच्या भायेरून, धुऱ्याधुऱ्यानं मोकळी पट्टी सोडतो. चांगली बैलगाडी जाईन एवढी. मुरूम टाकून देतो. मंग पाहा तुमची घोडी कशी पळते!"

मला वाटलं, प्रश्न मिटला. मामा चहा फुंकत म्हणाले, "नाही पाह्यजे."

"काऊन?"

"थे वाट नोहे."

"मी बनवून देतो ना वाट!"

"बनवेल नाही पाह्यजे."

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. "मामा, सरळ वाट भेटून राह्यली, रुंद भेटून राह्यली. आनखी काय पाह्यजे तुमाले?"

"वाकडी पाह्यजे," मामा म्हणाले.

आजवर रस्त्यासाठी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. वाकडाच पाहिजे म्हणून भांडणारा हा पहिला. शेठनी पुन्हा समजावलं, मी समजावलं, चहा पुन्हा आला. मामा कुणावर चिडले नाहीत. शेवटी उठले आणि म्हणाले, "तुमचं काही चुकत नाही शेठ. माह्यंही चुकत नाही." आणि निघून गेले.

"यायले नेमकं पाह्यजे काय, दिनकरभाऊ?" शेठनी मला विचारलं.

"घोडीले इचारा," मी म्हणालो.

शेठनी काही दिवस वाट पाहिली आणि मग खांब आणून टाकले. खड्डे खणायला सुरुवात झाली त्या सकाळी मीही वावरात गेलो. दोघंही माझे. एक शेजारी, दुसरा गिऱ्हाईक. हातघाईवर येऊ नयेत एवढीच इच्छा.

मामा नेहमीप्रमाणे आले. "धुरा आला वं माय" ऐकू आलं, बिजली बांध चढली, आणि मामांनी लगाम खेचला. पुढे वाटेतच ताजा खड्डा होता. बाजूला सिमेंटचे खांब आडवे पडलेले. मामा खाली उतरले आणि खड्ड्यापाशी जाऊन नुसते पाहत उभे राहिले. शेठ त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी समजुतीचं बोलू लागले.

मला वाटलं, ही संधी. बोलून हा माणूस ऐकत नाही, करूनच दाखवावं. मी बिजलीचा लगाम धरला आणि तिला धुऱ्याच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीकडे वळवलं.

"मामा, पाहा हिकडं! कशी झकास चालते पाहा!"

बिजली दोन पावलं आली. तिसरं पाऊल तिनं उचललं आणि तसंच हवेत धरलं. मग हळूच पुढची जमीन चाचपली, पुन्हा मागे घेतलं. मी जरा ओढलं. ती हलली नाही. तिचे कान इकडून तिकडे फिरत होते आणि पुढचे दोन्ही पाय लटलट कापत होते. एवढी मोठी घोडी, आणि साध्या, सपाट, रिकाम्या जमिनीला भ्यायलेली. मी तिच्या तोंडाजवळ गेलो. डोळे उघडे होते. त्यांवर निळसर पडदा धरला होता. मी डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही. पुन्हा हलवला.

मामा केव्हा मागे येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून लगाम घेतला आणि तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. हळूहळू कापणं थांबलं.

"कवापासून, मामा?" मी विचारलं.

"लग्नं सोडले तवापासून. पह्यले एक डोळा गेला, मंग दुसरा. चिखलीच्या डॉक्टरले दाखोलं, औषध घातलं. नाही आला गुण."

"मंग सांगतलं काऊन नाही?" शेठ कळवळून म्हणाले. "येवढं भांडून राह्यलो आपण!"

"सांगून काय झालं असतं? चार जण आले असते. आंधळी घोडी काऊन पोसता, बजारात नेऊन सोडा, म्हणाले असते. पोरगं तं टपूनच बसेल हाय. घोडी इका आन् पुण्याले या. हप्त्याच्या हप्त्याले फोन." मामांनी लगाम दुसऱ्या हातात घेतला. "गावाची वाट म्हनलं तं लोक ऐकतात. माह्या घोडीची वाट म्हनलं असतं तं कोन ऐकलं असतं?"

"पन मामा," शेठ म्हणाले, "तिले दिसतच नाही, तं धुऱ्यानं नेली काय आन् मधातून नेली काय. तुमी लगाम धरसान ना."

मामांनी शेठकडे पाहिलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"कोठ्यात असली का भिंतीले डोकं लावून उभी राह्यते, शेठ. दिवसभर. मडकं पडलं तरी दचकते. तिले मालूम असते तिथं, का आपन आंधये झालो. या वाटेवर आली का इसरते. इथचं समदं तिनं डोयानं पाह्यलं हाय. आंबा पडला थो डोये गेल्यावर. तवा होतं तसं तिले दिसते. कान टवकारते, मान वर करते, कोनाच्या वरातीत चालल्यावानी चालते. येवढ्याच वाटेवर तिले मालूम नसते का आपल्याले दिसत नाही."

शेठनी तोंड फिरवलं. त्यांना शिंक आल्यासारखं झालं, पण शिंक नव्हती. मग खड्डे खणणाऱ्या माणसांवरच ते उगाच खेकसले, "काय पाहून राह्यले? बुजवा थो खड्डा! दोन्हीकडून फाटक बसवू इथं." आणि स्वतःच एक खांब ओढायला लागले. तो त्यांना हलेना.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही. गावभर सांगत फिरलो होतो मी, मामा कोर्टाची तयारी करताहेत म्हणून!

खड्डा बुजला. मामांनी पायानं माती दाबून पाहिली, अजून थोडी टाकायला लावली. मग बिजलीला वाटेवर आणलं. रिकिबीत पाय घालता घालता ते थांबले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोराले म्या सांगतो, घोडीसाठी राह्यलो म्हनून. खोटं नाही थे. पन दिनकर, तुही मामी गेल्यापासून सकाळी उठलो का पायात जोडे घालाले कारन लागते बे. ही नसती तं म्या उठून कुठी गेलो असतो?"

दुकानात दिवसभर मी प्रत्येकाला काही ना काही उत्तर देतो. कीड कोणती, औषध कोणतं, पाऊस कधी. इथे मी फक्त त्यांच्यासाठी रिकीब धरली.

"उद्या म्या येतो तुमच्यासंगं," शेवटी म्हणालो. "पायी."

मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला.

"काऊन?" त्यांनी विचारलं.

मी बिजलीकडे बोट दाखवलं. मामा उत्तराची वाट पाहत घोडी धरून तसेच उभे राहिले.