ताटलीएवढे आकडे

तबकडीच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायला जाऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो. वजनकाट्यांच्या कारखान्यात मी उभी हयात तबकड्या आखण्यात घालवली. दुकानातले काटे, गोदामातले काटे, दवाखान्यात तान्ह्या बाळाला आडवं करून तोलतात ते काटे, सगळ्यांवरचे आकडे माझ्या हातचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी मला स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा भेट दिला. त्याची तबकडीही मीच आखलेली. बायको रोज त्यावर पीठ तोलते आणि मी लांबून आकडे बघून खूश होतो.

लांबून म्हणतोय, कारण जवळचं दिसत नाही. चष्मा दुहेरी भिंगांचा आहे. वरच्या भिंगातून रस्ता दिसतो, खालच्या भिंगातून पुस्तक. मोटरसायकलचा मीटर मात्र बरोबर दोन भिंगांच्या मधल्या रेषेवर येतो. मान वर केली की धुकं, खाली केली की दुसऱ्या प्रकारचं धुकं. त्यात डोक्यावर हेल्मेट. सिग्नलला थांबलो की मी कोंबडीसारखी मान पुढेमागे करत आकडा शोधायचो. सापडला की तो शून्य असायचा, कारण गाडी थांबलेली असायची.

हे एकदा मुलीने पाहिलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरातही फळ्यापुढे उभी असल्यासारखीच बोलते.

"बाबा, आत्ता किती वेगाने आलात?"

"बेताने."

"बेताने म्हणजे किती?"

"बेताने म्हणजे बेताने."

"मीटर दिसत नाही ना तुम्हाला?"

मी खिशात रुमाल शोधू लागलो. तिने निकाल तिथेच दिला. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कार घेऊन तुमच्या मागे येणार. चाळीसच्या वर जायचं नाही. मीटर वाचून तेवढं जमलं तर ठीक, नाहीतर मोटरसायकल विकायची."

मी हसून साजरं केलं, पण गाडी मला हवी होती. गाडी जुनी आहे, तिचं एवढं काही नाही. पण घरात मी आणि बायको दिवसभर समोरासमोर असतो आणि बोलणं काय, तर "गॅस बंद केलात का" आणि "चष्मा कुठे ठेवलास". आठवड्यातून एकदा मेहुणीकडे जायला निघालो की बायको मागे बसून माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवते आणि रस्ताभर बोलते. बहिणीबद्दल, शाळेतल्या मैत्रिणींबद्दल, कधीकधी माझ्याबद्दलसुद्धा. हेल्मेटमुळे निम्मं ऐकू येत नाही, तरी मी "हो ना" म्हणत असतो. गाडी गेली तर तो खांद्यावरचा हातही गेला असता, आणि ते मला सोसलं नसतं.

म्हणून मी स्वतःच नवी तबकडी करायला बसलो. पांढरी शुभ्र पार्श्वभूमी, काळेभोर आकडे, एकेक आकडा ताटलीएवढा. शून्य वर, मधोमध, जिथे शून्याची जागा असते तिथे. तिथून गोल फिरत एकशेवीसपर्यंत, सगळ्या रेघा सारख्या अंतरावर. किती किलोमीटर झाले ते दाखवणारी खिडकी मी बुजवून टाकली. या वयात झालेलं अंतर मोजत बसू नये. जुन्या तबकडीवर काटा अडवणारी एक बारीक खिळी होती. वजनकाट्यात ती नसते, म्हणून तीही काढली. मेकॅनिकने मीटर उघडून दिला, मी तबकडी बसवली आणि काटा शून्यावर टेकवला.

"काका, भिंतीवरचं घड्याळ वाटतंय," मेकॅनिक म्हणाला. मी ते कौतुक समजलो.

पहिल्याच फेरीला माझा जीव भांड्यात पडला. काटा चाळीसवर, आणि चाळीस हा आकडा मला चष्मा, हेल्मेट आणि वय या तिन्हींतून लख्ख दिसत होता! बायकोने मात्र खांद्यावर दोनदा टकटक केलं. तिची ती जुनी खूण आहे. म्हणजे सावकाश.

"अगं, चाळीस आहे."

"हे चाळीस?"

"माझ्यावर नको, आकड्यावर तरी विश्वास ठेव."

तिने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. चाळीसच होते. मग तिने डोकं मागे घेतलं. मला वाटलं, पटलं. मेहुणीकडे पोचलो तर ती ओल्या केसांनी दार उघडत म्हणाली, "आज एवढ्या लवकर?" मी म्हटलं, रस्ता मोकळा होता.

आमच्या वरच्या मजल्यावर दातांचे एक निवृत्त डॉक्टर राहतात. त्यांचीही मोटरसायकल माझ्याच गाडीसारखी आणि डोळेही माझ्यासारखेच. त्यांनी मीटर पाहिला आणि दुसरी तबकडी करून घेतल्याशिवाय मला जेवू दिलं नाही. चार दिवसांनी त्यांची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "आमच्याकडे हल्ली फार उत्साह संचारलाय. मी बाई रिक्षाने जाते."

शेवटी तो रविवार उजाडला. मुलगी कारमध्ये, मी आणि बायको पुढे, आणि शेजारी त्यांच्या मोटरसायकलवर साक्षीदार म्हणून डॉक्टर. मी काटा चाळीसवर नेला आणि तिथे असा धरून ठेवला की कारखान्यातल्या साहेबांनी पाठ थोपटली असती. डॉक्टरांनीही धरला. भाजीचा टेम्पो मागे गेला. दोन रिक्षा मागे गेल्या. कॉलेजची दोन मुलं मागे गेली आणि आमच्याकडे बघतच राहिली. मला जरा नवल वाटलं, पण म्हटलं, रविवार आहे, लोक निवांत असतील.

खांद्यावर टकटक सुरू झाली. मी लक्ष दिलं नाही. टकटकीचे बुक्के झाले.

"साठ आहे!" बायको कानात ओरडली.

"चाळीस!" मी ओरडलो.

आणि तेवढ्यात दवाखान्यापुढचा गतिरोधक आला. चाळीसच्या वेगात तो मला नेहमी वेळेवर दिसतो. त्या दिवशी तो दिसला आणि मागे पडला, दोन्ही एकदमच. मधला काही वेळ आम्ही हवेत होतो. गाडी खाली आली, डोलली, सावरली. बायकोची पर्स रस्त्याच्या कडेला जाऊन पडली. मी थांबलो. ती खाली उतरली, पर्स उचलली, हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी चालत येते."

रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती मागे न बघता निघाली. मी गाडी ढकलत तिच्या बाजूने चालू लागलो. आमच्या दोघांच्या मध्ये गाडी होती आणि खांद्यावर हात नव्हता. एवढा लांब रस्ता मी आयुष्यात चाललो नाही.

घरी मुलीने हात पुढे केला. "किल्ली द्या, बाबा. तुम्हाला गाठायला मला पासष्टने यावं लागलं."

"मी चाळीसवर होतो. डॉक्टरांना विचार."

"मीही चाळीसवरच होतो," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले.

बायको स्वयंपाकघरात गेली आणि पीठ तोलायचा वजनकाटा घेऊन आली. तो तिने मीटरशेजारी पेट्रोलच्या टाकीवर ठेवला. दोन्ही तबकड्या जुळ्या बहिणी! शून्य वर मधोमध, आणि अख्खा फेरा मारून शेवटचा आकडाही तिथेच.

मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, मीटरचा काटा पूर्ण गोल फिरतच नाही. एकशेवीसलासुद्धा तो दोन तृतीयांशच फिरतो. तुम्ही त्याला अख्खं वर्तुळ आखून दिलंत. म्हणून साठला तो चाळीस दाखवतो."

डॉक्टर हळूच जिना चढून गेले. बहुधा बायकोची माफी मागायला. मी तबकडीकडे बघत उभा राहिलो. आकडे खरंच सुरेख आले होते. इतके स्पष्ट दिसत होते, की ते चुकीचे असतील असं मनातही आलं नाही. बायकोच्या हातावर विश्वास ठेवायला मात्र मला जड गेलं होतं. मी किल्ली काढून मुलीच्या हातावर ठेवली.

"पण आई, तुला साठ कसं कळलं?" मुलीने विचारलं.

"ह्यांच्या शर्टाच्या कॉलरवरून. चाळीसला ती हलत नाही. पन्नासला फडफडते. साठला माझ्या हनुवटीला लागते. इतकी वर्षं मागे बसतेय, दुसरं बघायला असतं काय?"

मुलीने थोडा विचार केला आणि किल्ली आईला दिली.

तबकडी मी नव्याने आखली, या वेळी मुलीने कोन मोजून दिले. डॉक्टरांचीही बदलली. ते गोल गळ्याचे टी-शर्ट घालत, आता त्यांच्या बायकोने सहा शर्ट आणले आहेत. आमच्या मेहुणीकडच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आणि खांद्यावरचा हातही परत आला.

निघण्याआधी बायको मागे बसते आणि माझी कॉलर हलक्या हाताने बाहेर काढून सरळ करते. येणारेजाणारे बघतात आणि म्हणतात, या वयातही काय प्रेम आहे! खरं तर ती मीटर शून्यावर आणत असते.