मोतीरामच्या दगडाचं सपाटीकरण

रविवारी सकाळी जावई स्टीलची पट्टी घेऊन छावणीतल्या केशकर्तनाच्या दुकानात शिरला, तेव्हाच मोतीरामच्या कपाळाला आठी पडली. जावई सुदर्शन बिडकीनच्या एका कारखान्यात मोजमापं तपासायच्या कामाला होता. असली माणसं सुट्टीच्या दिवशीही स्वस्थ बसत नाहीत. त्यानं सासऱ्याच्या वस्तऱ्याला धार लावायच्या दगडावर पट्टी उभी धरली.

"मामा, मधी खड्डा पडलाय. पट्टीखालून उजेड दिसतोय बघा."

तो खड्डा पडायला तीस वर्षं लागली होती. छावणीतली बाकीची गिऱ्हाइकं आता ब्लेडनंच दाढी करून घ्यायची. वस्तऱ्याचं गिऱ्हाईक एकच उरलं होतं, निवृत्त सुभेदार अजिनाथ. ते दर रविवारी दहाला यायचे, आणि तेवढ्या एका दाढीवर मोतीराम स्वतःला अजून कारागीर समजत होता.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू. हाताखालचा दगड हाय."

"आसं कसं मामा? सपाट म्हंजी सपाट!"

तेवढ्यात मोतीरामची बायको चतुराबाई जावयासाठी चहा घेऊन आली. "करू द्या की! लई शिकलेले हायेत ते," ती म्हणाली. झालं!

जावईसाहेबांनी दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या. घासायला सपाट जागा हवी म्हणून भिंतीवरचा आरसा उतरवून आडवा टाकला, त्यावर पॉलिशपेपर अंथरला आणि घासायला सुरुवात केली. कागद फाटला तरी हात थांबला नाही. अर्ध्या तासात दगड सपाट झाला आणि आरसा ओरखड्यांनी भरला.

मोतीरामनं वस्तरा दगडावर ठेवून बघितला. त्या खड्ड्यात घासून घासून वस्तऱ्याच्या धारेलाही बाक आला होता. आता ती फक्त मध्येच टेकत होती, दोन्ही टोकं अधांतरी.

"मंग वस्तराच वाकडा हाय," सुदर्शननं निदान केलं, आणि वस्तरा दाबून दाबून असा घासला की होती नव्हती ती धारही गेली.

ठरल्या वेळी सुभेदार आले. मोतीराम आतून धुमसत होता, पण जावयाला बोलायची सोय नव्हती. मान द्यायला मात्र कुणाची हरकत नसते.

"सुभेदारसाहेब, जरा बसा. आज पयला मान जावयाचा!"

"व्हय व्हय, जावयाचाच," सुभेदार म्हणाले. सुदर्शनला खुर्चीत बसावंच लागलं.

मोतीरामनं तोच वस्तरा चालवला. दाढी निघत नव्हती, उपटली जात होती.

"लागतंय का, जावईबापू?"

"नाय... लई भारी," सुदर्शन म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मोतीरामनं हनुवटीला मुद्दाम वेळ लावला. एवढा आनंद त्याला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता.

गालावर चार चिरा घेऊन जावई उठला.

"या, सुभेदारसाहेब!" मोतीराम थाटात म्हणाला.

सुभेदार हलले नाहीत. जावयाची जिरवण्याच्या नादात ते समोर बसून सगळं बघताहेत, हे मोतीराम साफ विसरला होता.

"मोतीराम," ते चाचरत म्हणाले, "आजपासून माझीबी ब्लेडनंच करत जा."

सुदर्शननं गालावर तुरटी दाबत मान डोलावली.

"बराबर हाय साहेबांचं. दगड तर येकदम सपाट हाय, मामा. तुमचा हातच आता ऱ्हायला नाय."

मोतीरामनं ब्लेडचं पाकीट फोडलं.

"व्हय, जावईबापू," तो म्हणाला.