आधी नातं, मग तिकीट

आमच्या पवनारच्या गुलाबराव कंडक्टरांशी अनोळखी माणसाला बोलताच येत नाही. बोलायला बंदी नाही, पण चार वाक्यांत तो अनोळखी उरत नाही. गाव कुठलं, मामाचं गाव कुठलं, सासरवाडी कुठली, एवढं विचारून झालं की तो गुलाबरावांचा साडू, व्याही नाहीतर मावसभाऊ झालेला असतो.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या गाडीत चढलो, तेव्हाची गोष्ट.

"बायको कुठची?"

"नाचणगावची."

"मंग तं संपलंच! नाचणगावले माही मानलेली बहीन हाय. तुमी माहे भाचजवाई!"

जावई म्हटल्यावर मी पाकीट परत खिशात घालू लागलो.

"हे काऊन ठेवून राह्यले? तिकीट घ्या. नातं नात्याच्या जागी, तिकीट तिकिटाच्या जागी."

त्यांच्या गाडीत आधी नातं आणि मग तिकीट, असा क्रम होता. गाडी सेलूला लागली तरी मागची निम्मी माणसं बिनतिकिटाची, पण एकमेकांचे सोयरे झालेली असायची. ड्रायव्हर कपाळावर हात मारायचा. तोही कुठून तरी त्यांचा मेहुणा लागायचाच.

आता ते रिटायर झालेत आणि आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात. नोकरीच्या निमित्ताने इथे आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही, ते कोणी विचारलं नाही. विचारायचं काम त्यांचं, उत्तरं द्यायचं आमचं, अशी वाटणी ठरूनच गेली होती.

त्यांना एकाच शब्दाची चीड आहे, तो म्हणजे अंकल. "अंकल म्हंजे काय? मामा बी अंकल, काका बी अंकल, मावसा बी अंकल. सारे येकाच पोत्यात भरले!"

आणि आमच्या वरच्या खोलीत लान राहायला आली. ही व्हिएतनामची मुलगी. वर्ध्याला हिंदी शिकायला आली होती आणि पुस्तकात असतं तसं स्वच्छ हिंदी बोलायची. पहिल्याच दिवशी तिने माझ्या बायकोला, सुनंदाला, हात जोडून विचारलं, "आपकी आयु क्या है?"

सुनंदाचा चेहरा उतरला. हा प्रश्न विचारायची हिंमत मलाही कधी झालेली नाही. ओट्यावरून गुलाबराव मात्र ताडकन उठले. "अरे, हे तं आपली मानूस हाय!"

मग लानने समजावून सांगितलं. त्यांच्या बोलण्यात नुसतं मी-तू करून भागत नाही. समोरचा आपला कोण, थोरला की धाकटा, हे आधी ठरवायचं आणि मग त्या नात्यानेच त्याला हाक मारायची, स्वतःलाही नात्यानेच म्हणायचं. वडिलांचा थोरला भाऊ तो 'बाक', म्हणजे आपल्याकडचे मोठेबाबा. धाकट्या काकाला दुसरा शब्द, मामाला तिसराच.

गुलाबरावांना आभाळ ठेंगणं झालं. "पाह्यलं काय जवाईबुवा? अख्खा देश माह्यासारखा हाय!"

मामाच्या गावाची चौकशी तर होणारच होती. लानच्या आईच्या माहेरी ख्मेर, म्हणजे कंबोडियाकडची भाषा, बोलतात. आजीशी ख्मेर, वडिलांशी व्हिएतनामी, आणि शाळेत व्हिएतनामीच पण जरा इस्त्री केलेली. "माह्या गाडीत हेच व्हे," गुलाबराव म्हणाले. "पुढच्या सीटवर वऱ्हाडी, मागं गोंडी, अन् केळझर ओलांडलं का हिंदी." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी 'मी' सोडला. सुनंदाकडे येऊन म्हणायचे, "मामाले चहा पायजे."

पण त्यांचं स्वतःचं घोडं अडलं होतं. लान विचारायची, "आपका जन्म कब हुआ? मेरे पिताजी से बड़े हैं या छोटे?" ते कळल्याशिवाय तिला हाक ठरवता येत नव्हती. गुलाबराव टाळायचे. "सांगतो, आधी चहा तं घे." आम्ही त्यांना चिडवायचो, की या वयात कोणापासून वय लपवता? ते हसायचे. लानचं परत जायचं जवळ आलं, तरी ती त्यांना 'अंकलजी'च म्हणत होती, आणि दर वेळी त्यांचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं व्हायचं.

जायच्या आधीच्या रविवारी ती आमच्या ओट्यावर बसून घरी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. गुलाबराव शेजारीच चहा घेत बसले होते, म्हणून तिने फोन त्यांच्याकडे वळवला. पलीकडून तिच्या वडिलांनी हसत काहीतरी विचारलं. लान म्हणाली, "वे भी वही पूछ रहे हैं।"

गुलाबराव हळूच म्हणाले, "मालूम नाई, पोरी."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

"खरंच नाई मालूम. केळझरच्या देवळात कोनी ठेवून गेलतं मले. ज्या घरी जेवलो त्या घरचा झालो. शाळेत मास्तरनं अंदाजे तारीख टाकली."

"मग तीच सांगा ना," मी म्हणालो.

"ते खोटी हाय, जवाईबुवा. पेन्शनले चालते. नात्याले नाई चालत."

अख्ख्या जिल्ह्याची नाती जोडणाऱ्या या माणसाला जगात सख्खं कोणी नव्हतं, आणि आम्ही मानलेले सोयरे इतकी वर्षं नुसता चहा पाजत होतो.

लानने आपल्या भाषेत वडिलांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग पाठ सरळ करून बसले, मान लववली आणि एकच शब्द बोलले.

"उन्होंने आपको बड़ा भाई कहा," लान म्हणाली. "आयु मालूम न हो तो हम स्वयं छोटे बन जाते हैं। यही हमारी रीत है।" आणि तिने स्वतः हाक मारली, "बाक."

गुलाबरावांनी फोनला हात जोडले. उपरण्याने तोंड पुसलं, आणि चहा तसाच ठेवून घरी गेले.

लान गेली. परवा समोरच्या ओट्यावरून मोठ्याने बोलणं ऐकू आलं, "हाव, हाव, बाक जेवला. बाकनं आज झुनका केलता."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोण हो, मामा?"

"पुतनी."

मी वाट पाहत थांबलो. आता गाव निघेल, आजोळ निघेल, कोणाचा कोण ते निघेल. पण गुलाबराव चष्मा पुसत बसले. नातं कसं लागतं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.