मेलेलं तेल

मोनालीच्या खोलीतून तेलाचा वास येतो, ही गोष्ट लंकाबाईंनी पहिल्या दिवशी सोडून दिली, दुसऱ्या दिवशी मनात ठेवली आणि तिसऱ्या दिवशी दाराला कान लावला.

सून एम.टेक. करत होती, पेट्रोलियम इंजिनिअरिंगमध्ये. लग्नाच्या बैठकीतच तिनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मी पुण्याला अर्ज केलाय. प्रवेश मिळाला तर शिक्षण पूर्ण करणार." प्रवेश मिळाला, लग्नही झालं. आता फक्त प्रबंध उरला होता. नेमकी कॉलेजच्या प्रयोगशाळेची दुरुस्ती निघाली, म्हणून ती आपलं काम घेऊन नगरला सावेडीच्या फ्लॅटवर सासू-सासऱ्यांकडे राहायला आली. नवरा हर्षल चाकणला, रविवारपुरता घरी. प्रबंध वेळेत झाला नाही तर वर्ष जाईल आणि कंपनीनं देऊ केलेली नोकरीही जाईल, हे मोनालीनं जेवताना दोनदा सांगितलं होतं. पण दाराआडून तिचं फोनवरचं जे बोलणं ऐकू आलं ते अभ्यासासारखं नव्हतं.

"सर, अजून पितोय तो. रोज थोडं थोडं तेल पितोच आहे. पोट भरलेलं नाही त्याचं." मग जरा वेळानं, "नाही सर, लाईव्ह ऑइल मी कुठून आणू? डेड ऑइलच वापरलंय."

लंकाबाईंचं माहेर काष्टीचं. इंग्रजी बेताचंच. पण 'डेड' हा शब्द सरकारी दवाखान्याच्या दारात ज्यानं एकदा ऐकला, तो विसरत नाही.

मोनाली आंघोळीला गेली तशा त्या खोलीत शिरल्या. टेबलावर काचेची बरणी होती. बरणीत तेल, आणि तेलात दोऱ्यानं टांगलेला एक काळाभोर, गोल, उभा दगड. लंकाबाईंनी चटकन पदर डोक्यावर घेतला. नगर जिल्ह्यात जन्मलेल्या बाईला तेलातला काळा दगड कोणाचा, हे सांगावं लागत नाही. शनिदेव उघड्यावर राहणारा देव. त्याला घरात ठेवत नाहीत, आणि दोऱ्यानं बांधून बरणीत बुडवणं तर कोणी ऐकलंही नसेल.

"अहो, पोरीनं घरात शनिदेव आनलाय," त्या बाहेर येऊन हळूच म्हणाल्या.

श्रीमंतराव साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून वर्तमानपत्र सकाळी उघडून दुपारी मिटत. "भाडं देनार हाय का?" त्यांनी विचारलं.

त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. लंकाबाई शेजारच्या हन्नाताईंकडे गेल्या. हन्नाताई निवृत्त नर्स, दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, आणि कोणाचीही गोष्ट पोटात ठेवणाऱ्या.

"डेड म्हणजे डेडच, लंकाताई," त्या म्हणाल्या. "जन्म गेला माझा वॉर्डात. त्याला दुसरा अर्थ नसतो."

"पन मेलेल्याचं तेल निघतं का?"

"निघत नाही. म्हणून तर जास्त काळजी वाटते."

"मंग काय करू?"

"सरळ विचारा ना सुनेला."

"आन् खरं निघालं तर?" लंकाबाई म्हणाल्या.

रात्रभर विचार करून लंकाबाईंनी एक गोष्ट मनाशी पक्की केली. पोरीनं कोणाच्या नादानं काय मांडलं असेल ते असो, त्यात देवाचा काय दोष? आपल्या घरात आलेला देव मेलेल्याच्या तेलावर राहतो, हे पाप आपल्या माथी नको. दुसऱ्या दिवसापासून मोनाली आंघोळीला गेली की त्या सोवळ्यानं आत जात, शनिदेवाचं नाव घेत आणि घाण्यावरच्या तिळाच्या तेलाची एक पळी बरणीत सोडून येत.

दोनच दिवसांत मोनालीचा आवाज दाराआडून चिरका झाला. "सर, तेल कमी व्हायला हवं ना? बरणीतली पातळी वाढलीय. म्हणजे दगड तेल ओकतोय असं दिसतंय."

देवानं आपली सेवा परत केली होती. काहीतरी चुकलं असणार. त्या दिवशी त्यांनी दूधसुद्धा घेतलं नाही, आणि सकाळी क्षमा मागून दोन पळ्या घातल्या.

त्या संध्याकाळी मोनालीनं फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे कान लावायचीही गरज पडली नाही. "मोनाली," पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "दगड तेल ओकत नाहीत. माणसं आकडे बनवतात. मी शनिवारी संभाजीनगरला चाललोय, वाटेत तुझ्याकडे थांबतो. नमुना माझ्यासमोर ठेव. आकडे खोटे निघाले तर प्रबंधावर मी सही करणार नाही."

मोनाली जेवायला बसली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं आमटी घेतलीच नाही. लंकाबाईंना पोरीची दया आली आणि त्या माणसाविषयीचा संशय दुणावला. शनिवारीच का यायचं त्याला? आणि दगड समोर ठेवल्याशिवाय सही का करणार नव्हता?

शनिवारी सकाळीच त्यांनी दगड बरणीतून उचलला, स्टीलच्या डब्यात ठेवला आणि रिक्षानं शनीच्या पारावर नेला. तिथल्या गुरवानं डब्यात डोकावून झाकण पुन्हा लावलं.

"मावशी, घरातला देव हितं आनून सोडायचा न्हाई. मागं एकानं ठेवला, तर त्याची सारी भावकी माझ्याच दारात भांडत बसली."

"मंग मी याला कुठं नेऊ?"

"ज्यानं आनला त्यालाच न्यायला लावा."

हे म्हणणं लंकाबाईंना पटलं. त्या घरी परतल्या तेव्हा चष्मा लावलेला एक गृहस्थ सोफ्यावर बसला होता आणि मोनाली आतल्या खोलीतलं सामान उलथंपालथं करत होती.

"नमुना कुठाय?" गृहस्थानं विचारलं.

श्रीमंतरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. "मीच असंन. बोला."

लंकाबाई डबा पदराआड धरून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "तुमीच का ते सर?"

"हो. मी कल्याण. मोनालीचा गाईड."

"ही इद्या कुठं शिकला?"

"धनबादला."

"तिकडं लई चालतं म्हनं असलं."

"चालतं ना. खाणीच आहेत तिथं."

"आन् मेलेलं तेल कुनाचं असतं ते?"

सरांना आता कुठे धागा लागला. ते जरा हसले. "ते नुसते शब्द आहेत, आजी. जमिनीखालच्या तेलात गॅस विरघळलेला असतो, त्याला आम्ही जिवंत तेल म्हणतो. गॅस निघून गेला की मेलेलं."

"पन ते जमिनीखाली आलं कुठनं?"

"समुद्रातले बारीक बारीक जीव असतात. फार पूर्वी मेले, गाडले गेले, त्यांचं तेल झालं."

"म्हंजे मेलेल्याचंच की."

सर इतकी वर्षं शिकवत होते, पण या बाजूनं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यात मोनाली बाहेर आली. "सर, दगड सापडत नाही. खरंच मी काही..." तिची नजर पदराकडे गेली. "आई, डब्यात काय आहे?"

लंकाबाईंनी डबा सरांपुढे ठेवला. "ज्यानं आनला त्यानं न्यावा. मी पोरीला यात पडू देनार न्हाई."

सरांनी झाकण काढून वास घेतला. पुन्हा घेतला. "हे तिळाचं तेल आहे."

"घान्याचं हाय. भेसळ न्हाई त्यात."

"तुम्ही घातलंत?"

"मंग काय उपाशी ठेवू त्याला?"

मोनाली तिथंच जमिनीवर बसली. ती हसते की रडते हे लंकाबाईंना कळेना, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आई," ती कशीबशी म्हणाली, "तो देव नाही हो. तेलाच्या खोल विहिरीतला दगड आहे. तो किती तेल शोषतो, एवढंच मला मोजायचं होतं."

"मोनाली, तुझे आकडे खरे आहेत," सर म्हणाले. "माझीच चूक झाली. पण नमुना बाटला."

"आमच्या तेलानं बाटला?" लंकाबाईंना ते फार लागलं.

सरांनी मार्ग काढला. त्याच दगडाचा जुळा तुकडा त्यांच्याकडे होता. तो पाठवतो, पहिल्यापासून मोज, मी मुदत वाढवून घेतो, असं ते म्हणाले. "फक्त विद्यापीठाला कारण काय द्यावं?"

"द्या, देव आला हुता," श्रीमंतराव म्हणाले.

सरांनी 'बाह्य तेलाचा शिरकाव' असं लिहिलं.

दुसरा दगड आला आणि लंकाबाईंनी पहारा धरला. आता त्यांचा संशय घरावरच उलटला. श्रीमंतरावांची डोक्याच्या तेलाची बाटली माळ्यावर गेली. हन्नाताईंना उंबऱ्यातूनच बघायची परवानगी मिळाली. रविवारी आलेल्या हर्षलला बायकोच्या खोलीत जाण्याआधी हात धुऊन ते दाखवावे लागले.

मोनालीचा प्रबंध वाढीव मुदतीत वेळेवर गेला. पहिल्या दगडाचं काय झालं, तेही तिनं त्यात प्रामाणिकपणे लिहिलं. तोंडी परीक्षा लॅपटॉपवर होती. कल्याण सर एका चौकोनात, बाहेरगावचे परीक्षक दुसऱ्या चौकोनात. लंकाबाई भिंतीला टेकून जपमाळ ओढत बसल्या होत्या. इंग्रजी शब्द कळत नव्हते, पण परीक्षकांचा सूर त्यांना काही चांगला वाटत नव्हता.

"प्रयोग घरात झाला," परीक्षक मग मराठीत म्हणाले. "या वेळी नमुन्याला कोणाचा हात लागला नाही, याची खात्री कोण देणार?"

मोनाली अडखळली. तेवढ्यात पडद्यावर लंकाबाईंचा चेहरा आला. "मी देते. दारात अंथरून टाकून झोपलेय मी. तुमी सोता आला असता तरी आत सोडलं नसतं."

परीक्षकांनी पानं उलटली. "पहिल्या नमुन्यात तेल घालणाऱ्या आपणच का?"

"व्हय. मीच."

आता सगळं फसलं, असं मोनालीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. परीक्षकांनी तिला आणि सरांना निकाल ठरवण्याआधी थोडी विश्रांती घ्यायला सांगितलं. सरांचा चौकोन गेला, मोनाली पाणी प्यायला आत गेली. परीक्षक मात्र गेले नाहीत. त्यांनी आपल्या खोलीचं दार लोटलेलं लंकाबाईंना दिसलं. मग ते पडद्याजवळ सरकून खालच्या आवाजात म्हणाले, "आजी, ते घाण्याचं तेल नेमकं कुठं मिळतं? मला नुकतीच साडेसाती सांगितलीय. इथल्या तेलाची खात्री वाटत नाही."

लंकाबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. एवढा शिकलेला माणूस दार लावून तेलाचा पत्ता विचारतो, हे काही त्यांना सरळ वाटलं नाही.

"सांगते की," त्या माळ पुढे ओढत म्हणाल्या. "आदी पोरीचा निकाल सांगा."