सिद्रामप्पा गोझो बेटावर

सिद्रामप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत जातात, नळाला कान लावतात आणि मगच चहा घेतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ मोरीतून बाहेर येईनात. मी डोकावलो, तर धोतर सावरून उकिडवे बसलेले, डोळे मिटलेले, कान पाइपला. "सर, तुमच्या लायनीत हवा हाय," म्हणाले. खरंच होती.

मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे, घरी कन्नड बोलणारे सिद्रामप्पा उभा जन्म सोलापुरात महापालिकेच्या चाव्या फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडत होते. जिथं पाणी काही दिवसांआड येतं, तिथं चावीवाल्याचा मान नगरसेवकापेक्षा मोठा. निवृत्त झाल्यावर मान गेला, भाषा राहिली. सगळं जग ते प्रेशरवर मोजतात. गणपतीतल्या गायकाबद्दल, "गळा गोड, प्रेशर कमी." पुतणीसाठी आलेल्या स्थळाबद्दल, "पोरगं लई चांगलं, पन प्रेशर न्हाय." ते स्थळ परत गेलं.

त्यांची एकुलती एक मुलगी शिवलीला माझी विद्यार्थिनी. आई लहानपणीच गेली. ती नर्स झाली आणि माल्टाला गेली. भूमध्य समुद्रातला हा ठिपक्याएवढा देश मीही नकाशात शोधला. तिनं अप्पांना बोलावलं, पण ते एकटे विमानात बसायला तयार होईनात. मग तिचा मला फोन आला. "सर, तुम्ही या ना बरोबर." मी गेलो.

तिच्या घरी पोचल्यावर त्यांनी काय केलं हे सांगायला नको. कान लावला आणि चमकले. "बारीक आवाज हाय, पन एकसारखा. धरन कुटं हाय ह्यांचं?"

"धरण नाही, अप्पा," शिवलीला म्हणाली. "इथं नदीच नाही. समुद्राचं पाणी गोड करून देतात."

सिद्रामप्पांनी नळ बंद केला, परत सोडला आणि पेला भरून घेतला. "म्हंजे हे लोक समुद्र पितात," ते हळू म्हणाले. तो पेला त्यांनी तीर्थ घ्यावं तसा घोट घोट करून संपवला.

तिच्या खिडकीतून समुद्राची फक्त एक चिंधी दिसायची, दोन इमारतींच्या फटीतून. तिची ड्यूटी होती म्हणून तिसऱ्या दिवशी तिनं आम्हा दोघांना गोझो या शेजारच्या बेटाच्या सहलीत घातलं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, बरोबर गाइड.

बोट धक्क्यापासून सुटली आणि चिंधीचा समुद्र झाला. काठाशी हिरवट, पुढं निळीची पुडी विरघळलेल्या बादलीसारखा. सिद्रामप्पांनी एका हातानं टोपी धरली, दुसऱ्या हातानं कठडा.

"सर, ह्याचं दुसरं टोक कुटं हाय?"

"त्या बाजूला आफ्रिका."

ते आफ्रिकेच्या दिशेनं बघत राहिले. "एवढं पानी, आनि चावी कुनाच्याच हातात न्हाय," म्हणाले. मग बोट लागेपर्यंत प्रेशर हा शब्दसुद्धा नाही.

आमची गाइड कारमेन, साठीकडे झुकलेली, ठेंगणी, हसरी बाई. तिनं पिरॅमिडांच्याही आधीची दगडी देवळं दाखवली. एकेक दगड खोलीएवढा. सगळे फोटो काढत होते. सिद्रामप्पांनी मला विचारायला सांगितलं, "दगड वढनाऱ्या एवढ्या मान्सांना पानी कोन पाजत होतं?" दोघंतिघं हसले. कारमेन हसली नाही. "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

मग मिठागरं. किनाऱ्याच्या खडकात कोरलेले शेकडो चौकोनी वाफे. लाट येते, वाफे भरते, मागं सरते. ऊन पाणी पितं, मीठ ठेवतं. सिद्रामप्पांनी चपला काढल्या, टोपी काढली आणि अनवाणी उभे राहिले. वाऱ्यानं धोतर फडफडत होतं. तशी टोपी ते सोलापुरात फक्त सिद्धेश्वराच्या देवळात काढतात.

जेवायला बसलो तेव्हा कारमेन मुद्दाम आमच्या टेबलावर आली. "शिवलीलानंच मला सांगितलं होतं तुम्हाला सांभाळायला," ती म्हणाली. कारमेनची आई शेवटचे काही महिने शिवलीलाच्या वॉर्डात होती. म्हातारीला माल्टीजशिवाय काही येत नव्हतं, शिवलीलाला माल्टीज येत नव्हतं.

"ड्यूटी संपली की ती आईचे केस विंचरत बसायची आणि स्वतःच्या भाषेत बोलायची. आई आमच्या भाषेत उत्तर द्यायची. तास तास चालायचं. मी एकदा विचारलं, काय सांगतेस गं तिला? तर म्हणाली, माझ्या आईला जे सांगितलं असतं ते."

मी वाक्यावाक्यानं मराठी करून सांगत होतो. 

सिद्रामप्पांनी हातातला पाव खाली ठेवला. "फोनवर ती कायच बोलत न्हाय, सर. जेवले का, गोळ्या घेतल्या का, बास. मला वाटलं, तिला बोलायचंच न्हाय." मग म्हणाले, "मी तरी कुटं विचारलं."

परतीच्या बोटीवर ऊन कलतं होतं आणि पाणी सोन्यासारखं झालं होतं. सगळी बोट बघत होती. सिद्रामप्पा मात्र समुद्राकडं पाठ करून, ज्या धक्क्यावर उतरायचं तिकडं बघत बसले होते.

शिवलीला ड्यूटीवरून थेट तिथं आली होती, अजून युनिफॉर्ममध्ये. "अप्पा, चला, बस लागलीय," ती म्हणाली.

ते हलले नाहीत. धक्क्यावरच्या बाकावर बसले आणि शेजारची जागा हातानं झटकली. "कूडव्वा," ते म्हणाले. "माताडु." सोलापुरात राहून एवढं कन्नड मलाही कळतं. बस बाई, बोल.

ती माझ्याकडं बघायला लागली, मग त्यांच्याकडं. मग बसली. आधी थोडी हसली, मग तिचा आवाज बदलला, आणि बोलता बोलता तिनं डोकं अप्पांच्या खांद्याला टेकलं.

बस निघून गेली. मी कॉफी आणतो म्हणून उठलो आणि समोरच दुकान असताना लांबच्या दुकानाकडं चालू लागलो.