शनिवारचा धूर

तार्मोची नाव आपण पुरी करायची, असं इल्पोनं ठरवलं तेव्हा त्याच्या डोक्यात थंडीचा विचारच आला नाही. (विचार करून ठरवायची सवय त्याला नव्हतीच. शाळासुद्धा त्यानं अशीच एका मधल्या सुट्टीत सोडली होती.)

तार्मो म्हणजे त्याचा थोरला भाऊ. जानेवारीत गॅरेजमध्ये फळ्या जोडता जोडता छाती धरून खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. मागे उरली अर्धी नाव, बायको राइया, आणि खिडकीपाशी एक पांढरा मग. मगात अर्धी कॉफी. त्याच रात्री गॅरेज गारठलं आणि कॉफीचा दगड झाला. तेव्हापासून इल्पोनं कुणाला त्या मगाला हात लावू दिला नव्हता.

"त्याची शेवटची कॉफी आहे, वहिनी. राहू दे."

राइयानं मग तिथंच राहू दिला. तार्मो गेल्यापासून तिनं तरी कुठे अंगणातली सौना, ती दर शनिवारच्या वाफेच्या अंघोळीची खोली, पेटवली होती?

आता मार्च लागला होता. तळ्यावरचं बर्फ फुटेल तेव्हा नाव पाण्यात हवी, हा इल्पोचा हट्ट. पण गारठ्यात सरस धरेना. रात्री चिकटवलेली फळी सकाळी जमिनीवर. म्हणून त्यानं विजेचा हीटर आणून लावला. लावला मात्र, सगळ्या घराचा फ्यूज उडाला. ओव्हनमध्ये राइयाचे वेलदोड्याचे पाव अर्धे कच्चे बसले.

"भाऊ गेला, आता घरही घालवतोस का रे?" ती अंधारातून ओरडली.

शनिवारी त्याला नवीच युक्ती सुचली. सौनातली शेगडी रिकामीच आहे की! त्यानं ती उखडली, बर्फावरच्या ढकलगाडीवर घातली आणि दगडांसकट गॅरेजमध्ये आणली. धुराची नळी खिडकीतून बाहेर काढली, आणि दिली पेटवून. बघता बघता गॅरेज असं तापलं, की इल्पोनं आधी कोट काढला, मग स्वेटर, मग सदरा. कामाला जोर आला. खिळ्यावर एक जुना निळा मग लटकत होता, त्यात त्यानं सरस कालवला आणि राहिलेल्या फळ्या एकामागून एक बसवल्या.

आणि एकदम त्याला आठवलं. कॉफी!

पांढरा मग गॅरेजबाहेर न्यायला त्याचं मन होईना. तिथंच तार्मो शेवटचा उभा होता. शेगडीबरोबर सौनाची लाकडी बादलीही आली होती. ती त्यानं बर्फानं गच्च भरली, तो पांढरा मग त्यात गळ्यापर्यंत रोवला आणि निर्धास्त मनानं लाकडं आणायला गेला. (तापल्या शेगडीशेजारी बर्फ ठेवून निर्धास्त होणारा माणूस त्या गावात तोच एक.)

परत येऊन बघतो तो नावेच्या बाकावर शेजारचा म्हातारा उर्पो, कमरेला टॉवेल गुंडाळून, डोळे मिटून बसलेला. त्याचे कपडे नीट घडी करून करवतीवर ठेवलेले.

"उर्पोकाका! हे काय?"

"धूर दिसला. शनिवारचा धूर. म्हटलं, पोरांनी सौना पेटवली एकदाची." उर्पोनं बाकावर थाप मारली. "गॅरेजात का हलवलीस ते विचारत नाही. बाक जरा अरुंद झालाय, पण पडेल अंगवळणी."

"ही सौना नाहीये!"

"मग एवढं गरम कशाला करतोस? बरं, दगडांवर पाणी टाकून वाफ कोण सोडणार? मीच सोडतो." बादलीतलं बर्फ वितळलं होतं, कॉफीही. त्यानं वाकून बादलीतला पांढरा मग उचलला आणि तापल्या दगडांवर ओतला की हो सगळा!

इल्पोनं "नाहीऽऽ" म्हणून आरोळी ठोकली. त्या आरोळीनं राइया धावत आली. दगड सणसणले. वाफ वर उसळली आणि सगळ्या गॅरेजात कॉफीचा वास भरला. करपट, कडू, तार्मोच्या हातचा. राइयानं खोल श्वास घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"ती तार्मोची होती," इल्पो हुंदके देत म्हणाला. "त्याची शेवटची कॉफी! एवढे दिवस जपली होती मी!"

"तार्मोची?" उर्पोनं मग डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "अरे वेड्या, ही माझी. त्या सकाळी मी आलो होतो ना. तुझ्या भावानं कधी कॉफीचा थेंब तरी उरवला का? त्याच्या हातचं ते डांबर मलाच संपेना, म्हणून त्याची नजर चुकवून खिडकीत ठेवली."

राइया आधी हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम.

"पण मग त्याचा मग?" इल्पोनं विचारलं.

"तो निळा. पिऊन, धुऊन त्या खिळ्यावर लावला त्यानं. माझ्यासमोर."

इल्पोनं मान वळवली. नावेच्या काठावर निळा मग होता, सरसानं भरलेला, मध्ये ब्रश ताठ उभा. त्यानं ब्रश ओढला. ब्रशाबरोबर मग आला. मगाबरोबर नावही जरा हलली.

"वा," उर्पो टॉवेल सावरत म्हणाला, "सरस मात्र आज मस्त धरलाय."